दोन विती आणि दोन बोटं

दारावरची घंटा वाजली तेव्हा भाऊजी स्टुलावर उभे राहून वहिनींच्या खिडकीला पडद्याचं कापड लावून बघत होते आणि त्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असताना ओरडू नये, हे चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी ते "कोण आहे?" असं ओरडलेच. एक टाचणी टुणकन उडाली ती थेट वहिनींच्या चहात.

"या, दार उघडंच आहे!" वहिनी चमच्याने टाचणी काढत म्हणाल्या.

वहिनींनी तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली होती. खोटी वजनं, आखूड मीटरपट्ट्या, तळाला मेण लावलेली मापं, सगळं त्या नुसत्या नजरेने ओळखायच्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून दारावर पाटी लावली : 'खासगी तपास. सकाळी दहा ते एक.' आणि भाऊजी म्हणजे त्यांचे सख्खे दीर. दुकान बंद केल्यापासून रोज सकाळी चहाला यायचे आणि एक वाजेपर्यंत मदतनीस म्हणून थांबायचे. त्यांना मदतनीस कुणी नेमलं, हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

आत आलेल्या बाई साठीच्या घरातल्या होत्या. घट्ट अंबाडा, छातीशी धरलेली कापडी पिशवी. खुर्चीच्या अगदी टोकावर बसत त्या म्हणाल्या, "माझ्यावर चोरीचा आळ अजून आलेला नाही. पण येणार आहे. म्हटलं, आधीच येऊन जावं."

"बरं केलंत. लोक नेहमी उशिरा येतात," वहिनी म्हणाल्या. "सांगा मावशी, काय चोरीला गेलंय?"

"कासव."

भाऊजींनी उरलेल्या तीन टाचण्या काढून मुकाट्याने शर्टाच्या कॉलरला टोचल्या.

मावशी वाचनालयात झाडलोट करायच्या, पुस्तकं पुसायच्या, सकाळी कुलूप उघडायच्या आणि संध्याकाळी लावायच्या. वाचनालयाच्या काउंटरवर एक पितळी कासव होतं, संस्थापकांनी पहिल्याच दिवशी भेट दिलेलं. पोरं आत आली की आधी त्याच्या पाठीवर हात फिरवणार, मग पुस्तक मागणार. दर शनिवारी मावशी त्याला पावडर लावून लख्ख करायच्या.

"आणि आता तिथे आहे ते कासव आपलं नाही, बाई. कुणीतरी बदललंय."

"कशावरून?"

"हातावरून." मावशींनी उजवा पंजा पसरून टेबलावर टेकवला. "पुसून झालं की मी शेपटीपासून नाकापर्यंत वीत टाकते. पोरं माझ्याबरोबर मोजतात, तो आमचा खेळच आहे. दोन विती आणि दोन बोटं. पंचवीसेक वर्षं हेच. गेल्या शनिवारी टाकली तर दोन विती आणि दीड बोट! पुन्हा टाकली. तीनदा टाकली. दीडच."

भाऊजींना हसू आवरेना. "अहो मावशी, अर्ध्या बोटासाठी एवढं? थंडीत बोटं आखडतात माणसाची!"

"मलाही तसंच वाटलं. म्हणून त्याच हाताने काउंटर मोजला, खिडकी मोजली. ती होती तेवढीच आहेत. कासव तेवढं कमी झालंय." मावशींनी पंजा उचलून पिशवीवर ठेवला. "आमचे कार्यवाहसाहेब म्हणतात, किल्ली तुमच्याकडे, तेव्हा कासव बदललं असेल तर चोर तुम्हीच. आणि बदललं नसेल, तर तुम्ही वाचनालयाची बदनामी करताय. रविवारी वाचनालयाला पन्नास वर्षं होतात. कार्यक्रमाच्या आधी माफीपत्र लिहून द्या, नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

"मग द्या लिहून," भाऊजी म्हणाले. "कागदावर दोन ओळी खरडल्याने काय बिघडतं?"

"माझं काही बिघडत नाही हो. पण शनिवारी पोरं विचारतील, मावशी, किती विती? त्यांना काय सांगू? खोटं सांगू?"

वहिनी उठल्या, चष्म्याची पेटी पर्समध्ये टाकली. "भाऊजी, टेप घ्या. पडदा राहू दे."

"पण वहिनी, आधीच कापड कमी आणलंय तुम्ही! दुकानदाराने दोन मीटर फाडून दिलं, आणि मीटरात इंच किती? एकोणचाळीस आणि वर तीन सूत. चाळीस नव्हे! लोक चाळीस धरतात आणि मग पडदा आखूड झाला की शिंप्याला शिव्या. कापड घ्यायचं मीटरने आणि बेतायचं इंचाने, या भानगडीत माझे केस पिकले."

इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. भाऊजींचं अख्खं आयुष्य त्या आठव्या भागात गेलं होतं.

"चला हो," वहिनी म्हणाल्या.

वाचनालयाला ताज्या रंगाचा वास येत होता. दहा-बारा दिवसांपूर्वी तीन दिवस बंद ठेवून सगळ्या भिंती रंगवल्या होत्या. एकच वस्तू जुनी राहिली होती, काउंटरमागचा काळा फळा. त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं :

१ इंच = २.५ सेंटिमीटर
१ फूट = ३० सेंटिमीटर
१ वार = ९० सेंटिमीटर

"हा माझा फळा," मागून भारदस्त आवाज आला. खिशाला तीन पेनं लावलेले कार्यवाह हात मागे बांधून उभे होते. "तरुणपणी स्वतः रंगवला. तीन पिढ्या यावर शिकल्या. रंगाऱ्यांना बजावलं होतं, याला ब्रश लावाल तर खबरदार!"

"अक्षर सुंदर आहे," वहिनी म्हणाल्या आणि फळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आता वहिनींना सुलेखनाचाही नाद लागला की काय, असं भाऊजींना वाटलं.

"तुम्ही आलात ते बरंच झालं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे." कार्यवाहांनी जुनी नोंदवही उघडली. संस्थापकांच्या हातची ओळ होती : 'पितळी कासव, एक. लांबी १७ इंच.' "हे अस्सल माप. आता बघा. सतरा गुणिले अडीच?"

"साडेबेचाळीस," भाऊजींनी चटकन उत्तर दिलं. उत्तर आधी देण्याची संधी त्यांना क्वचितच मिळे.

"शाब्बास!" कार्यवाहांनी कासवाच्या नाकाशी एक आणि शेपटीशी एक असे दोन जाडजूड शब्दकोश उभे केले आणि मधलं अंतर पोलादी पट्टीने मोजलं. "हे बघा. साडेबेचाळीस. केसाचा फरक नाही. म्हणजे कासव तेच. आणि मावशींचं बोट..."

मावशींनी दोन्ही हात पिशवीत घातले.

"मी माझ्या टेपने बघतो," भाऊजी म्हणाले. त्यांना मावशींची दया आली होती. त्यांनी शब्दकोशांमध्ये टेप ताणली आणि डोकं खाजवलं. "पावणेसतरा."

"काय?"

"म्हणजे सतराच हो! टेप जुनी आहे, चाळीस वर्षांत जरा ताणली असेल. दोन सुतांचं काय, आमच्यात शिवणीत जातात."

वहिनींनी टेप घेतली, पोलादी पट्टीशेजारी धरली, काहीतरी टिपून घेतलं आणि परत दिली. मग त्यांनी कासवाच्या पाठीवर तळहात दाबला. कासव डुगडुगलं. ते एका लाकडी पाटावर ठेवलेलं होतं आणि पाटाला चार पायांसाठी चार खळगे कोरलेले होते. मागच्या उजव्या पायाखाली कागदाची घडी होती.

"ही घडी कुणी घातली?"

"मी," काउंटरपलीकडून ग्रंथपालबाई म्हणाल्या. तिशीच्या, चटपटीत, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. "रंगाच्या ओलीने पाट वाकला असेल. हलत होतं, म्हणून लावली."

"पूर्वी हलायचं?"

"छे! घट्ट बसायचं," मावशी म्हणाल्या.

"वाचनालयाची किल्ली एकट्या मावशींकडे असते," कार्यवाहांनी आठवण करून दिली. "दुसऱ्या कुणाकडे नाही."

"रंगकामाचे तीन दिवस ती ग्रंथपालबाईंनी मागून घेतली होती," मावशी शांतपणे म्हणाल्या.

ग्रंथपालबाई कानापर्यंत लाल झाल्या.

वहिनींनी त्यांना कपाटांच्या मागे, प्रवासवर्णनांच्या रांगेत गाठलं. भाऊजी पुस्तक चाळण्याचं सोंग करत उभे राहिले. पुस्तक उलटं धरलेलं होतं.

"कासव रंगकामात कुठे होतं?"

"आतल्या कपाटात. शिंतोडे उडू नयेत म्हणून. मग पुन्हा काउंटरवर ठेवलं."

"तेच ठेवलंत?"

"तेच! अगदी मोजून..." ग्रंथपालबाई एकदम थांबल्या. "म्हणजे, नीट बघून."

"ते कपाट दाखवता?"

"रविवारपर्यंत नाही. त्यात कार्यक्रमाचं सामान आहे." मग त्यांचे डोळे भरून आले. "आणि मावशींना कुणी काढणार नाहीये, बाई! साहेब कालच कागद करायला निघाले होते. मीच हातापाया पडून म्हटलं, रविवारपर्यंत थांबा."

"रविवारी असं काय आहे?"

"काही नाही," असं म्हणून ग्रंथपालबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि तशीच पुन्हा खोचली.

कपाटाच्या दाराशी फरशीवर पांढरी भुकटी सांडलेली होती. भाऊजींनी ती चिमटीत घेऊन हुंगली आणि जोरात शिंकले.

"हीच ती चोर!" रस्त्यावर येताच ते म्हणाले. "किल्ली घेतली, कपाट दाखवत नाही, बोलताना अडखळते. अजून काय पाहिजे?"

"मोजून," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या.

"काय मोजून?"

"तेच तर. चला, हे कासव मुळात कुणी ओतलं ते बघू."

ते ओतलं होतं मागच्या गल्लीतल्या ओताऱ्याच्या वडिलांनी. आता भट्टी मुलगा चालवायचा. दणकट, हसरा, भुवया भट्टीपायी नेहमीच अर्ध्या जळलेल्या. दहा दिवस बाहेरगावच्या कारखान्यात काम करून तो त्याच सकाळी परतला होता.

भिंतीवर एकाच खिळ्याला दोन फूटपट्ट्या टांगलेल्या होत्या. भाऊजींची शिंप्याची नजर लगेच तिथे गेली. दोन्हींवर बाराच इंच आखलेले, पण एक दुसरीपेक्षा चांगली दीड सूत लांब!

"वहिनी," ते कुजबुजले, "खोटी पट्टी! जप्त करा!"

"मी निवृत्त आहे, भाऊजी."

ओताऱ्याने ऐकलं आणि तो खो खो हसला. "खोटी नाही हो, ती माझ्या धंद्याची आहे. नवा साचा बेतायचा तर हीच घ्यायची. दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. हिच्यावर तुम्ही सदरा बेतलात तर गिऱ्हाईक आत पोहेल."

"वाचनालयातलं कासव तुमच्या वडिलांच्या हातचं ना, दादा?" वहिनींनी विचारलं. "इतक्यात पाहिलंत का?"

ओताऱ्याचं हसू मावळलं. तो भट्टीतले निखारे विनाकारण ढोसू लागला. "वडिलांचं सगळ्यात आवडतं काम ते. बघीन की. रविवारी बघीन. कार्यक्रमाला बोलावलंय मला."

भाऊजींनी वहिनींना कोपराने ढोसलं. बाकाखाली पांढऱ्या प्लास्टरची मोडकी टरफलं पडली होती आणि त्यातल्या एका टरफलाच्या आतल्या बाजूला कासवाच्या पाठीवर असतात तशा चौकटी उमटलेल्या होत्या.

घरी पोचेपर्यंत भाऊजींनी कसाबसा दम धरला. "साचा! कासवाचा साचा! ग्रंथपालबाईंनी कासव पळवलं, याने नकली बनवलं. दोघेही म्हणतात रविवार, रविवार. रविवारी गर्दीत अस्सल कासव घेऊन पसार होणार! झाली की केस!"

"साचा घेतला हे खरं. पण चोर रविवारच्या कार्यक्रमाला यायचं आमंत्रण घेतो का, भाऊजी? आणि मला छळतंय ते वेगळंच. कार्यवाहांचं माप इतकं बरोबर का यावं?"

"बरोबर आलं तर छळायचं काय त्यात?"

"तीस वर्षांत मी एक शिकले. माप केसाइतकंही चुकत नसेल, तर मोजणाऱ्याकडे नीट बघावं."

एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

शनिवारी सकाळी भाऊजी पुन्हा पडद्याच्या मागे लागले. वहिनींनी कात्री पुढे केली तर त्यांनी दोन्ही हात वर केले. "छे छे! नवं कापड आधी पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मग कात्री. आटतं ना ते! मीटरामागे बोटभर तरी आटतं. मी कायम त्याचं वाढीव धरूनच कापत आलो."

वहिनींचा कप ओठांपाशीच थांबला. "काय म्हणालात?"

"आटतं म्हटलं. म्हणून आधीच वाढीव माप..."

वहिनी हसू लागल्या. आधी हळू, मग इतक्या जोरात की चहा बशीत सांडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. "भाऊजी, केस सोडवलीत तुम्ही!"

"मी? कधी?"

"आत्ता, उभ्या उभ्या! उद्या दहाला वाचनालयात. टेप विसरू नका."

भाऊजी दिवसभर तो पडदा भिजवत, वाळवत आणि आपण नक्की काय सोडवलं याचा विचार करत बसले.

रविवारी दहा वाजता वाचनालयाच्या टेबलावर एक कोरा कागद आणि एक पेन ठेवलेलं होतं. समोर मावशी बसल्या होत्या. अकराला पोरं येणार होती. कार्यवाह घड्याळ बघत होते, ग्रंथपालबाई नखं खात होत्या आणि नवा सदरा घातलेला ओतारी नुकताच दारातून आत येत होता.

"मावशी, पेन उचलू नका," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, मीटरात इंच किती?"

"एकोणचाळीस आणि तीन सूत!"

"आणि कार्यवाहसाहेब, तुमच्या फळ्याप्रमाणे? अडीच सेंटिमीटरचा एक इंच धरला, तर शंभर सेंटिमीटरात किती बसतात?"

"चाळीस," कार्यवाह म्हणाले. आणि मग, जरा वेळाने, "हं?"

"वरची पाच सूत कुठून आली?" भाऊजी उसळून म्हणाले. त्यांचा जन्माचा राग होता तो. "सांगा ना, कुठून आली?"

"फळ्यातून आली. इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर नव्हे, दोन पूर्णांक चोपन्न. ते चार तुम्ही सोडून दिलेत. एका इंचात कुणाच्या लक्षातही येत नाही, पण सतरा इंचांत ते सात मिलिमीटर होतात. सतरा इंच म्हणजे साडेबेचाळीस नव्हे, त्रेचाळीस पूर्णांक दोन. आता हे समोरचं कासव किती आहे?"

"साडेबेचाळीस," कार्यवाह पुटपुटले.

"म्हणजे ते संस्थापकांचं कासव नाही. माप जुळलं म्हणून तुम्ही त्याला खरं म्हणालात. खरं तर माप जुळलं, म्हणूनच ते खोटं आहे! भाऊजींची टेपही तेच सांगत होती. ती ताणलेली नाही, मी पट्टीशी ताडून पाहिली. पावणेसतरा म्हणजे पावणेसतराच. आणि या सगळ्यांच्या आधी, कुठलीही पट्टी हातात न घेता, मावशींनी सांगितलं होतं. दीड बोट."

मावशींनी हळूच आपल्या पंजाकडे पाहिलं.

"पण... पण फरक नेमका फळ्याइतकाच कसा?" कार्यवाहांनी विचारलं.

"तो निव्वळ योगायोग, आणि त्यानेच सगळ्यांना फसवलं. भाऊजी काल म्हणाले, नवं कापड आटतं. पितळही आटतं. रसरसतं साच्यात ओततात, निवताना ते आकसतं. शंभर सेंटिमीटरमागे साधारण दीड. म्हणून ओताऱ्याकडे ती लांब पट्टी असते. नवा साचा बेतताना तो त्या पट्टीने आधीच मोठा बेततो, भाऊजी कापड वाढीव धरतात तसा. पण जुन्या वस्तूवरूनच प्लास्टरचा ठसा घेतला, तर वाढवायला जागा नसते. पिल्लू आईपेक्षा लहानच निघतं. पाटाच्या खळग्यांत पाय नीट बसत नाहीत, म्हणून डुगडुगतं. पाट वाकलेला नाही."

ओतारी काउंटरजवळ पोचला होता. त्याने कासव पाहिलं आणि तो ओरडलाच. "अहो ग्रंथपालबाई! हे इथे काय करतंय?"

"काय करतंय म्हणजे?" ग्रंथपालबाईंचा आवाज चिरकला. "हे... हे ते नाही?"

"बघा! चोर दोघेही!" भाऊजी टेप उगारून म्हणाले.

"चोर कुणीच नाही, भाऊजी. ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, 'तेच ठेवलं, अगदी मोजून.' मी दोन रात्री त्याच शब्दावर अडले होते. ज्याच्याकडे एकच कासव आहे, तो ते कशाला मोजेल? उचलेल आणि ठेवेल. मोजावं लागतं ते दोन असली तर."

ग्रंथपालबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"रंगकामात तुम्ही कासव ठसा घ्यायला दादांकडे दिलंत. ते दोन्ही कासवं घेऊन आले, आणि..."

"आणि मला बाहेरगावची गाडी गाठायची होती," ओतारी म्हणाला. "दोन फडक्यांत गुंडाळून टेबलावर ठेवली आणि पळालो. लाल फडक्यातलं वाचनालयाचं, असं सांगितलं होतं मी!"

"मी आनंदाच्या भरात दोन्ही फडकी एकदमच सोडली," ग्रंथपालबाई रडत म्हणाल्या, आणि मग रडतारडताच हसू लागल्या. "दोन्ही तश्शीच! तोच रंग, तीच नक्षी. आता कुठलं कुठलं? फोन करून विचारायची लाज वाटली. म्हणून नोंदवही काढली, फळ्यावर बघितलं, सतरा गुणिले अडीच. एक बरोबर साडेबेचाळीस भरलं. दुसरं मोठं निघालं. मला वाटलं, नकलीच असणार, दादांचा हात सैल पडला असेल! मावशी बदललंय म्हणाल्या तेव्हा मी घाबरून पुन्हा मोजलं. पुन्हा बरोबर. मग साहेबांनी मोजलं. तेही बरोबर!"

"पण दुसरं कासव केलंच कशाला?" कार्यवाह गरजले. "कुणाच्या परवानगीने?"

"वाचनालयाला आज पन्नास वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "आज आणखी कुणाची तरी पंचवीस पूर्ण होत असतील. मावशी, तुम्ही इथे कधी लागलात?"

मावशी विचारात पडल्या. "वाचनालयाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. सतरंज्या घालायला म्हणून आले होते. संध्याकाळी म्हणाले, उद्याही या." आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला.

ग्रंथपालबाईंनी आतलं कपाट उघडलं. कार्यक्रमाचं सामान म्हणून एकच मोठं खोकं होतं, वर रंगीत कागद आणि चिठ्ठी : 'मावशींना, पंचवीस वर्षांच्या शनिवारांबद्दल.'

"म्हणजे तुम्ही मावशींना वाचनालयाचंच कासव भेट देणार होतात!" भाऊजींच्या डोक्यात एकदाचा लख्ख प्रकाश पडला. "आणि ते घरी नेल्यावर मावशींनी वीत टाकली असती..."

"आणि मग मात्र खरंच चोर ठरले असते मी," मावशी म्हणाल्या, आणि इतक्या खळखळून हसल्या की भाऊजींनाही राहवलं नाही.

ओताऱ्याने खोक्यातलं कासव उचलून टेबलावर ठेवलं. मावशींनी डोळे मिटले. शेपटीपाशी अंगठा टेकवला, पंजा पसरला. एक वीत. दोन विती. मग दोन बोटं, आणि बोटापुढे कासवाचं नाक. मावशींनी डोळे उघडले नाहीत, त्या नुसत्या कासवाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं. भाऊजींनी गळ्यातल्या टेपचं टोक उगाचच डोळ्यांना लावलं.

कासव पाटावर ठेवलं, तर चारही पाय आपापल्या खळग्यात बसले. वहिनींनी पाठ दाबून पाहिली. तसूभर हललं नाही. कागदाची घडी जमिनीवर पडली होती, ती मावशींनी सवयीने उचलून केराच्या टोपलीत टाकली.

"आणि हे पिल्लू माझं?" त्यांनी धाकटं कासव पोटाशी धरलं. "आटलेलं का असेना. आमच्या खिडकीत हेच मावेल."

कार्यवाह एवढा वेळ फळ्यासमोर उभे होते. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, खिशातलं एक पेन काढलं आणि उभ्यानेच दोन ओळी लिहून, सही करून तो मावशींपुढे धरला. मावशींनी तो सावकाश वाचला. माफीपत्रच होतं, फक्त खालची सही मावशींची नव्हती.

"मोठ्याने वाचू का?" भाऊजींनी विचारलं.

"नको," मावशी म्हणाल्या. "मला पोचलं." त्यांनी कागदाची चौपदरी घडी करून पिशवीत ठेवली.

बाहेर पोरांचा गलका ऐकू येऊ लागला. कार्यवाहांनी गडबडीने रंगाऱ्यांनी सोडलेला पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश शोधून काढला, आणि फळ्यापाशी स्टूल ओढून ते वर चढले. स्टूल डगमगलं. मावशींनी पुढे होऊन ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"फुटाचं आणि वाराचंही बघा," वहिनी खालून म्हणाल्या.

"बघतो, बघतो. आधी हे होऊ दे." दोन पूर्णांक पाचच्या पुढे थोडीशीच जागा होती. त्यांनी ब्रश टेकवला आणि खाली पाहिलं. "मावशी, इथे बसेल ना हो?"

मावशींनी एक डोळा मिटून, दोन बोटं वर धरून अंदाज घेतला.

"बसेल. पण चार जरा मोठा काढा, साहेब. पोरांना दारातून दिसला पाहिजे."